कागद, पुठ्ठा आणि मुंबईची रद्दी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोअर परळच्या आमच्या छापखान्यात पत्रिका, पुस्तिका किंवा औषधांची खोकी छापून घ्यायला येणारी मंडळी हल्ली दर विचारायच्या आधी विचारतात, "हा कागद इको-फ्रेंडली आहे ना?" सोसायटीच्या कचऱ्याचं काम अंगावर घेतलेल्या ताई आणि काकांचे प्रश्न आणखी वेगळे. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. "झाडं वाचवा" एवढ्यावर थांबणाऱ्यांना यातली काही उत्तरं आवडणार नाहीत. आमच्या मते कागदाचा खरा हिशेब पाणी, कोळसा आणि रद्दी कोरडी राहते की नाही, यावर जास्त ठरतो.

कागद नेमका कशाचा बनतो?

वनस्पतीतल्या सेल्युलोजच्या तंतूंचा. लाकूड, बांबू, उसाचं चिपाड, गव्हाचा पेंढा, कापूस, जुना कागद, कशातूनही हे तंतू काढता येतात. लाकडात सेल्युलोज साधारण ४० ते ४५ टक्के असतं आणि २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास लिग्निन. लिग्निन तंतूंना एकमेकांना चिकटवून ठेवतं, म्हणून झाड ताठ उभं राहतं. कागदवाल्याला मात्र ते नको असतं.

पाइनसारख्या झाडाचा तंतू ३ मिलिमीटरच्या आसपास, निलगिरीचा जेमतेम १. लांब तंतूने ताकद येते, आखूड तंतूने पृष्ठभाग गुळगुळीत होतो. छपाईच्या कागदाला आखूड तंतू पुष्कळ चालतो, सिमेंटच्या गोणीला नाही चालत. आपल्या नोटा तर लाकडाच्या नसतातच. त्यांचा कागद कापसाचा, म्हणून खिशात धुतली गेलेली नोट वाचते आणि बसचं तिकीट वाचत नाही.

लाकडाचा लगदा कसा करतात?

दोन मुख्य वाटा. पहिली, लाकूड यंत्रात दळायचं. यात ९० टक्क्यांहून जास्त लाकूड लगद्यात उतरतं, पण लिग्निनही आत राहतं. वर्तमानपत्राचा कागद बराचसा या जातीचा. उन्हात ठेवलेला पेपर चार दिवसांत पिवळा पडतो, तो या लिग्निनमुळे.

दुसरी वाट रसायनांची. क्राफ्ट पद्धत जर्मनीत कार्ल डाल यांनी १८७९ च्या सुमारास शोधली आणि आजही जगातला बहुतेक रासायनिक लगदा तिनेच होतो. लाकडाचे चिप्स कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात, दाबाखाली, १७० अंश सेल्सिअसच्या आसपास शिजवतात. लिग्निन विरघळतं, तंतू मोकळे होतात. हाती लगदा मात्र निम्म्याहून कमीच लागतो. उरलेलं सगळं काळ्या द्रवात जातं, त्याला ब्लॅक लिकर म्हणतात.

मोठ्या मिलमध्ये हा काळा द्रव आटवून बॉयलरमध्ये जाळतात. लिग्निन जळून वाफ आणि वीज मिळते, राखेतून रसायनं परत काढतात, त्यासाठी चुना लागतो. म्हणजे चांगली चालवलेली क्राफ्ट मिल आपलं बरंच इंधन लाकडातूनच काढते. हे लक्षात ठेवा, पुढे रद्दीच्या वेळी लागणार आहे. मिलच्या परिसरात येणारा कुजक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइड आणि मरकॅप्टन वायूंचा.

लगद्याचा कागद कसा होतो?

पाणी काढून टाकत. मशीनच्या तोंडाशी जो घोळ येतो तो ताकाहूनही पातळ असतो: जवळपास ९९ टक्के पाणी आणि उरलेला तंतू. हा घोळ वेगाने धावणाऱ्या जाळीवर सोडतात. या जातीच्या यंत्राचं पहिलं पेटंट फ्रान्सच्या लुई-निकोला रोबेर यांनी १७९९ मध्ये घेतलं. त्याआधी प्रत्येक ताव हातानेच उचलावा लागे.

जाळीतून बहुतेक पाणी आपोआप गळतं. तेच पाणी पुन्हा फिरवून वापरतात. मग रोलरच्या दाबाने आणखी पिळतात. तरीही कागदात निम्म्याहून जास्त पाणी उरतं आणि ते वाफेने तापलेल्या सिलिंडरांवरून नेऊनच उडवावं लागतं. टनभर कागदामागे टनाहून थोडं जास्त पाणी असं उडवतात. जाळीवर गळून गेलं ते पाणी फुकटात गेलं, हे शेवटचं महागात पडतं. कागद मिलचं इंधन मुख्यतः इथे जातं.

वाटेत खडूची भुकटी किंवा चायना क्ले मिसळतात, कागद पांढरा आणि अपारदर्शक व्हावा म्हणून. शाई फुटू नये म्हणून सायझिंग करतात, म्हणजे कागद पाणी सहज शोषणार नाही असं द्रव्य घालतात.

एक गंमत घरी करून बघा. वर्तमानपत्राचं पान एकदा उभं फाडा, एकदा आडवं. एका दिशेने सरळ पट्टी निघते, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं फाटतं. मशीनवर घोळ धावतो त्या दिशेने तंतू वळतात, आमच्या भाषेत तो कागदाचा ग्रेन. पत्रिकेची घडी ग्रेनच्या आडवी आली की घडीवर रंग तडकतो. तेव्हा छपाईला शिव्या बसतात, चूक कटिंगची असते.

पुठ्ठा म्हणजे जाड कागदच ना?

अर्धं बरोबर. बाजारात पुठ्ठा या एका नावाखाली निदान दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

टूथपेस्टचं किंवा गोळ्यांचं खोकं ज्याचं बनतं तो डुप्लेक्स. हा अनेक थरांचा असतो. ओला असतानाच थर एकावर एक बसवतात, गोंद न लावता. वरचा थर पांढऱ्या चांगल्या लगद्याचा आणि त्यावर कोटिंग, मधले थर रद्दीचे, पाठ करडी. पाठही पांढरी हवी असेल तर व्हाइट बॅक मागायचं आणि जास्त पैसे मोजायचे. डुप्लेक्सची एक पट्टी बशीभर पाण्यात भिजत ठेवा आणि मऊ झाली की नखाने थर सोडवा. वरचा पांढरा पापुद्रा किती पातळ आहे ते दिसेल. खालच्या करड्या थरात निळे, लाल, काळे ठिपके असतात. ते कुणाच्या तरी जुन्या छापील कागदाचे अवशेष.

दुसरी वस्तू कोरुगेटेड, म्हणजे ऑनलाइन मागवलेल्या सामानाचं तपकिरी खोकं. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद, मक्याच्या स्टार्चच्या खळीने चिकटवलेला. थ्री-प्लाय, फाइव्ह-प्लाय, सेव्हन-प्लाय असं मोजतात. नागमोडीची उंचीही ठरलेली असते: बी फ्लूट अडीच मिलिमीटरच्या आसपास, ई फ्लूट दीड. याचं पहिलं पेटंट इंग्लंडमध्ये १८५६ साली निघालं आणि तेही उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. माल गुंडाळायची कल्पना न्यूयॉर्कची, १८७१ ची.

हे खोकं भारतात बहुतेक वेळा रद्दीच्याच कागदाचं असतं. त्याचा सोनेरी-तपकिरी रंग बघून लोकांना वाटतं, हा "नैसर्गिक" कागद. पुष्कळदा तो रंग टाकीत घातलेला असतो. माल विकताना मात्र रंग विचारत नाहीत, जीएसएम आणि बीएफ विचारतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर, कागद किती दाबाला फुटतो त्याचं माप.

एका रिमसाठी किती झाडं तोडतात?

झाडांत मोजू नका, किलोत मोजा. ए-४ आकाराचा ८० जीएसएमचा ताव ५ ग्रॅमचा, म्हणजे ५०० तावांची रिम अडीच किलोची. त्यातली खडू भुकटी आणि ओलावा वजा केला तर तंतू साधारण २ किलो. निम्म्याहून कमी उतारा धरला तर लाकूड ४ किलोंहून थोडं जास्त, तेही पूर्ण कोरडं. ताजं तोडलेलं लाकूड निम्मं पाणीच असतं, म्हणजे ८-९ किलो. हे कोऱ्या रासायनिक लगद्याच्या कागदाचं गणित झालं.

"एक टन रद्दी म्हणजे १७ झाडं" हे वाक्य सोसायटीच्या प्रत्येक फलकावर दिसतं. कुठलं झाड, केवढ्या बुंध्याचं, कुठल्या पद्धतीचा लगदा, यातलं काहीच त्यात नसतं. फलकावर लिहायला हरकत नाही, हिशेबाला घेऊ नका.

म्हणजे जंगलं तुटतातच ना?

जगात काही ठिकाणी तुटली आहेत, तुटतातही. आपल्याकडे १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने उद्योगांना सांगितलं की लाकूड सरकारी जंगलातून सवलतीत मिळणार नाही, शेतकऱ्यांकडून घ्या. तेव्हापासून मिल्स निलगिरी, सुबाभूळ आणि सुरूची झाडं शेतांवर लावून घेऊ लागल्या. ही झाडं काही वर्षांत तोडणीला येतात. त्याआधी बल्लारपूरची मिल उभी राहिली ती चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूवर.

शेतातलं सुबाभूळ म्हणजे जंगल नव्हे. एकाच जातीच्या लागवडीत पक्षी, कीटक, झुडपं यांना फारशी जागा नसते आणि निलगिरीच्या पाण्याच्या भुकेवरून गावोगाव वाद झाले आहेत. पण "कागद वापरला म्हणून ताडोबाचं झाड गेलं" असं सरळ समीकरणही खरं नाही. भारतात बनणाऱ्या कागदाचा सुमारे ७० टक्के कच्चा माल मुळात रद्दी आहे.

मग खरं नुकसान कशात आहे?

पाण्यात पहिलं. लगदा धुवायला, पातळ करायला, मशीन चालवायला पाणी लागतं आणि बाहेर पडतं ते तंतू, लिग्निन, स्टार्च घेऊन. नदीत गेलं की हे कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं. सांडपाणी प्रक्रिया नीट चालवली तर हे आटोक्यात येतं. चालवायला खर्च येतो, आणि काही ठिकाणी प्लांट तपासणीच्या दिवशीच चालतो, हे या धंद्यात कुणाला सांगावं लागत नाही.

पेंढ्यावर चालणाऱ्या छोट्या मिल्सची अडचण आणखी वेगळी. पेंढ्यात सिलिका असते, ती काळ्या द्रवात उतरते आणि तो आटवून जाळणं अवघड करते. मग पूर्वी अनेक ठिकाणी तो द्रव सरळ ओढ्यात जाई. "झाड न तोडता केलेला कागद" या पाटीमागे ही बाजूही असते.

दुसरं कोळशात. आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. रद्दीच्या मिलला जाळायला काळा द्रव नसतो, सुकवायची वाफ कोळशावर येते. रद्दीच्या कागदाला एकूण ऊर्जा कमी लागते यात वाद नाही, पण तिच्यातला कोळशाचा वाटा मोठा असू शकतो. म्हणून "रिसायकल्ड" शिक्का बघून कार्बनचा हिशेब संपत नाही. मिल वाफ कशावर करते, हे विचारावं लागतं. आमचे पुरवठादार या प्रश्नाला हसतात, मग एखादा उत्तर देतो.

पांढरा कागद जास्त वाईट का?

पूर्वी फार वाईट होता. लगदा क्लोरीन वायूने पांढरा करत आणि त्यातून क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्यं, त्यातही डायॉक्सिन, नद्यांत जात. हे १९८० च्या दशकात उघडकीला आल्यावर जगभर क्लोरीन वायूऐवजी क्लोरीन डायऑक्साइड आलं, काही मिल्स ऑक्सिजन, ओझोन, पेरॉक्साइडवर गेल्या. आपल्या मोठ्या मिल्सही बदलल्या. तरी आतल्या कामाच्या प्रिंटआउटला झगझगीत पांढरा कागद कशाला हवा, हे आम्हाला कळलेलं नाही.

उसाच्या चिपाडाचा कागद?

चांगला होतो. तामिळनाडूची सरकारी मिल मुख्यतः याच पायावर उभी राहिली. चिपाडाचा मधला मऊ भाग आधी काढून टाकावा लागतो, त्याच्यात कामाचा तंतू नसतो. महाराष्ट्रात एवढे साखर कारखाने असून हा कागद मुबलक का नाही? कारण हे चिपाड, म्हणजे बगॅस, कारखान्याच्या बॉयलरचं इंधन आहे आणि सहवीजनिर्मितीचंही. कागदाला द्यायचा तर बदली इंधन लागतं.

आमची रद्दी देऊन झाली की पुढे कुठे जाते?

रद्दीवाला वजन करून नेतो आणि दुकानात वेगळी करतो: पेपर वेगळा, वह्या-पुस्तकं वेगळी, ऑफिसचा पांढरा कागद म्हणजे "रेकॉर्ड" वेगळा, पुठ्ठा म्हणजे "गत्ता" वेगळा. छापखान्याचं कटिंग, म्हणजे कडेच्या कापलेल्या कोऱ्या पट्ट्या, सगळ्यात भाव खातं, कारण त्यावर शाई नसते. तिथून माल धारावी, कुर्ला, मानखुर्द, भिवंडीकडच्या गोदामांत जातो. गोदामात बायका-पुरुष पुन्हा हाताने निवडतात, प्रेसमध्ये गठ्ठे बांधले जातात आणि ट्रक मिलकडे निघतो. मुंबईतला बराच पुठ्ठा वापीच्या "क्राफ्ट" मिल्सकडे जातो, म्हणजे रद्दीतून खोक्यांचा तपकिरी कागद करणाऱ्या मिल्सकडे, लाकूड शिजवणाऱ्या नव्हे. महिन्या-दोन महिन्यांनी तोच खोकं होऊन परत आला तरी नवल नाही.

मिलमध्ये गठ्ठा मोठ्या टाकीत पाण्याबरोबर घुसळतात. स्टेपल पिना, टेप, प्लॅस्टिक वेगळं काढतात. पांढरा कागद करायचा असेल तर साबणासारखं रसायन घालून हवेचे बुडबुडे सोडतात, शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेस काढून टाकतात. टाकीतून निघालेल्या प्लॅस्टिकचं काय करायचं, हा मिल्सचा जुना त्रास आहे आणि ते बॉयलरमध्ये जाळल्याच्या तक्रारी देशात अनेक ठिकाणी झाल्या आहेत. तुमच्या खोक्यावरची टेप घरीच ओढून काढलीत तर तेवढं प्लॅस्टिक तिथवर जाणार नाही.

आणि जे रद्दीवाल्याकडे न जाता ओल्या कचऱ्यात मिसळलं ते देवनार किंवा कांजूरमार्गला. ढिगाच्या पोटात हवा नसते, तिथे कागद कुजून मिथेन होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. जानेवारी २०१६ ची देवनारची आग शहराने धुराच्या रूपाने अनुभवली आहे.

कागद किती वेळा रिसायकल होतो?

साधारण ५ ते ७ वेळा. दर फेरीत तंतू आखूड आणि ताठर होतो, शेवटी जाळीतूनच निसटतो. म्हणून कुठेतरी नवा तंतू आत यावाच लागतो. परदेशातून रद्दी आयात करण्यामागे हेही एक कारण, तिकडच्या खोक्यांत लांब तंतू जास्त असतो.

रद्दीत काय टाकू नये?

तेलकट पिझ्झाचं खोकं, वापरलेले टिश्यू, मेण लावलेला कागद, लॅमिनेट केलेली पत्रिका. दुकानाचं थर्मल बिलही नको, त्यावरच्या लेपात बिस्फेनॉल जातीची रसायनं असतात आणि ती पुढच्या कागदात उतरतात. आणि ओला कागद. रद्दीवाला ओल्याची घट कापतो ते उगाच नाही, ओल्या गठ्ठ्यात बुरशी धरते आणि शेजारचा चांगला मालही जातो. जून ते सप्टेंबर रद्दी गॅलरीत ठेवू नका.

लग्नपत्रिका "हिरवी" कशी करायची?

गिरगावात खाडिलकर रोडवर एक फेरी मारा. सोनेरी फॉइल, वेल्वेट, ग्लिटर, लॅमिनेशन, मणी. यातलं काहीही चिकटलं की तो कागद रद्दीच्या दृष्टीने जवळपास बाद. साधा अनकोटेड कागद, एक रंग, खोल दाबलेली अक्षरं, एवढ्यावरही पत्रिका देखणी होते. वधूच्या आईला हे पटवणं हा छापखान्याच्या कामाचाच भाग आहे.

चहाचा कागदी कप कागदच आहे ना?

नुसता कागद गरम चहा धरू शकत नाही. आत पॉलिएथिलिनचा पातळ थर असतो. कप रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी आतली पारदर्शक पिशवी अख्खी सोलून निघेल. असा कप वेगळा गोळा करून खास मिलकडे गेला तरच कामाचा, टपरीच्या डब्यात पडला तर सरळ डम्पिंगला. काचेचा ग्लास विसळून देणाऱ्या टपरीवर चहा प्या. दुधाच्या किंवा ज्यूसच्या टेट्रा पॅकमध्ये तर कागद सुमारे ७५ टक्के, बाकी प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचा पापुद्रा.

वडापाव वर्तमानपत्रात बांधला तर काय बिघडतं?

छपाईची शाई खाण्यासाठी बनवलेली नसते. तिच्यात खनिज तेलं, रंगद्रव्यं, कधी जड धातू असतात आणि गरम तेल ते ओढून घेतं. अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये याबद्दल बजावलं आहे. रद्दीच्या करड्या डुप्लेक्सलाही हेच लागू. मिठाई त्यात थेट ठेवू नये, आत बटर पेपर हवा.

प्लॅस्टिकपेक्षा कागदी पिशवी बरी?

महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीनंतर हा प्रश्न रोज येतो. ब्रिटनच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात असं निघालं की हवामानाच्या दृष्टीने पातळ प्लॅस्टिक पिशवीशी बरोबरी करायला कागदी पिशवी ३ वेळा वापरावी लागते आणि कापडी पिशवी १३१ वेळा. आकडे तिकडचे आहेत, आणि मुंबईच्या नाल्यात तुंबणाऱ्या प्लॅस्टिकचा हिशेब त्यांत नाही. २६ जुलै २००५ पाहिलेल्या माणसाला तो वेगळा समजवावा लागत नाही. घरातली जुनी कापडी पिशवी वापरा, नवी "इको" कापडी पिशवी दर समारंभात वाटू नका.

कागदाच्या लगद्याचा गणपती पर्यावरणपूरक आहे का?

वजनाला हलका, हे खरं. पण लगदा पाण्यात विरघळत नाही, नुसता सुटतो. सुटे तंतू तरंगतात, कुजताना ऑक्सिजन खेचतात, जुन्या छापील कागदाची शाई पाण्यात उतरते, शिवाय लगद्यात खडू पावडर आणि डिंक असतो. तलावात किंवा खाडीत नकोच. घरच्या बादलीत विसर्जन करून गाळ कोरडा करून टाकायचा असेल तर चालेल. आम्ही शाडूची छोटी मूर्ती आणतो.

पावसाळ्यात खोकी का बसतात?

कागद हवेतलं पाणी शोषतो. हवेत ९० टक्के आर्द्रता असली की कोरुगेटेड खोक्याची भार पेलायची ताकद कोरड्या दिवसाच्या जवळपास निम्मी होते. उत्तर जास्त प्लाय हे नाही. खोक्यांचे थर कमी रचा आणि खाली लाकडी पॅलेट ठेवा.

एफएससीचं चिन्ह म्हणजे काय?

एफएससी म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, जंगलांना आणि त्यांच्या लाकडाला प्रमाणपत्र देणारी संस्था, १९९३ ची. तिची तीन लेबलं असतात: १०० टक्के, मिक्स आणि रिसायकल्ड. पहिल्यात सगळा तंतू प्रमाणित जंगलाचा, तिसऱ्यात सगळा परत वापरलेला, मिक्समध्ये सरमिसळ. बाजारात मिक्स सगळ्यात जास्त दिसतं. लेबल तंतूच्या उगमाबद्दल बोलतं. मिलच्या पाण्याबद्दल आणि कोळशाबद्दल ते काही सांगत नाही.

ऑफिसची गोपनीय कागदपत्रं श्रेडरमधून काढून द्यावीत का?

गरज असेल तेवढीच. बारीक तुकड्यांत तंतू तुटतो, मिलच्या जाळीतून बराच माल वाहून जातो आणि रद्दीवाला भाव पाडतो. नाव, खाते क्रमांक, सही असलेली पानं श्रेड करा, बाकीची अख्खी द्या. श्रेड केलेलं पारदर्शक पिशवीत वेगळं बांधा, नाहीतर गोदामात ते कचरा समजून बाजूला काढतात.